आधी लाइन, मग माणूस

घरमालक भाडेकरूकडे येतो तो नळाचं पाणी कुणी वाया घालवलं हे विचारायला, नाहीतर भिंतीला नवा खिळा दिसला म्हणून. मुरबाडला ज्यांच्या पुढच्या खोलीत मी तीन वर्षं कॉम्प्युटरचा क्लास चालवला, ते आमचे घरमालक रोज सकाळी साडेआठला यायचे आणि विचारायचे, "बाय, आज पिंग किती?"

मी आकडा सांगायचे. ते तो फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात खडूने लिहायचे, खाली रेघ मारायचे आणि निघून जायचे. त्या कोपऱ्यावर त्यांनीच मोठ्या अक्षरात ‘पुसू नये’ असं लिहून ठेवलं होतं. एका मुलीने मला विचारलंही होतं, मॅडम, हे परीक्षेला आहे का? पिंग म्हणजे तसं काही मोठं नाही. आपल्या कॉम्प्युटरने मारलेली हाक लांबच्या कॉम्प्युटरपर्यंत जाऊन परत यायला जितका वेळ लागतो, तितका तो आकडा. काकांची हाक मेलबर्नला जायची. तिथे त्यांची एकुलती एक मुलगी होती.

मी त्यांना काका म्हणायचे. बाकीचं मुरबाड त्यांना ‘मेकॅनिक’ म्हणायचं, आणि ते म्हणताना थोडं हसायचं. सगळी हयात त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. आधी शहापूर, मग चार वर्षं डोळखांबचं एका खोलीतलं एक्स्चेंज, शेवटी मुरबाड. मी त्यांच्याकडे गेले ती दोन हजार सहा साली, तेव्हा ते निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. पण खिशात पेनाच्या जागी टेस्टर अडकवलेला तो तसाच होता. त्यांचा उजवा कान डाव्यापेक्षा मोठा आहे असं त्यांच्या बायकोचं, म्हणजे मावशींचं, म्हणणं होतं. हे एकदा ऐकलं की त्यांच्याकडे बघताना दुसरं काही दिसायचंच नाही.

फोन उचलल्यावर काका बोलायचे नाहीत. रिसीव्हर त्या मोठ्या कानाला लावून, मान किंचित कलती करून, तीन-चार सेकंद नुसते ऐकायचे. माणसाला नव्हे, लाइनला. खरखर आहे का, कुठे गुणगुण आहे का, दुसऱ्या कुणाचं बोलणं झिरपतंय का, हे सगळं मनाशी नोंदवून झालं की मग म्हणायचे, "जयभीम, बोला." तोवर निम्म्या लोकांनी फोन ठेवलेला असायचा. त्यांच्या मेव्हण्याने एकदा शहापूरहून मुलाचं लग्न ठरल्याचं सांगायला तीनदा फोन केला आणि तीनदा ठेवला. चौथ्यांदा काकांनी त्याला आधी त्याच्या घरातल्या वायरीला गंज चढल्याचं सांगितलं आणि मग अभिनंदन केलं.

त्यांचं एक वाक्य होतं. दिवसातून एकदा तरी ते कुणावर तरी पडायचंच. "आदी लाइन बघावी, मग मानूस." भांडण कसलंही असो, नवरा-बायकोचं किंवा भाजीवालीचं, काकांना त्यात पहिला संशय मधल्या तारेचा. माणसं मुळात नीट बोलतात, मध्ये कुठे तरी पाणी शिरतं आणि बिघडतं, अशी त्यांची श्रद्धा होती. देव ते मानत नव्हते, तेव्हा एवढी एक श्रद्धा बाळगायला हरकत नसावी.

याला पुरावा म्हणून ते दोन भावांची गोष्ट सांगायचे. मी ती किमान तीस वेळा ऐकली असेल. नव्वदच्या दशकातली. एक भाऊ डोळखांबकडे पाड्यावर, भात आणि नाचणी करून राहिलेला. दुसरा आसनगावला खोली घेऊन रोज मुंबईला नोकरीला जाणारा. गावचा भाऊ बाजारच्या दिवशी दुकानातल्या फोनवरून आसनगावला फोन करायचा आणि चार वाक्यं झाली की फोन कटायचा. सहा महिने हेच. मुंबईवाला आता आपल्याला ओळख देत नाही असं म्हणून गावच्याने आईच्या वर्षश्राद्धाला त्याला बोलावलंच नाही. काकांना हे दुकानात कळलं. ते शिडी घेऊन निघाले आणि खांबामागून खांब बघत पाच किलोमीटर चालत गेले. एका जोडावरचं झाकण निघून आत मुंग्यांनी घर केलेलं होतं. जोड साफ केला, नवा केला आणि खांबावरूनच टेस्टिंगच्या फोनने दोन्ही भावांना एका लाइनीवर घेतलं. "भाव नाय रे कट करीत," ते म्हणाले होते, "मुंग्या करतायत." हे वाक्य सांगताना काका दर वेळी खांबावर असल्यासारखे वर बघायचे.

दुसरी गोष्ट काका सांगायचे नाहीत. ती मावशी सांगायच्या, तीही ते घरात नसताना. मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत बैलबाजाराजवळ दर वर्षी तात्पुरता टेलिफोन लागायचा आणि त्यावर काका बसायचे. ‘ओरडू नये, तार बहिरी नाही’ अशी पाटी त्यांनी स्वतः रंगवून टांगली होती. घाटावरून आलेल्या एका शेतकऱ्याने बैलजोडी विकली आणि बायकोला कळवायला गावच्या दुकानात फोन लावला. बायकोला बोलावून आणलं. याने सांगितलं, जोडी दिली. पलीकडून आवाज नाही. हा हॅलो हॅलो करतोय, पलीकडे शांतता. काकांनी त्याच्या हातातून फोन घेतला, बॅटरी तपासली, तार तपासली, मागची रांग ताटकळत ठेवून पाऊण तास लाइन उघडून बसले. शेवटी पलीकडचा दुकानदार म्हणाला, लाइन बरी हाय साहेब, बाईच बोलत नाय, तिचा पांढरा बैल विकला म्हणून रुसलीय. आख्खा बैलबाजार हसला. त्यानंतर दोन वर्षं काकांनी म्हशाची ड्यूटी घेतली नाही.

मावशी ही गोष्ट सांगून स्वतः हसायच्या नाहीत. तांदूळ निवडत राहायच्या.

मुलगी नर्सिंग शिकलेली, उल्हासनगरला नोकरी केलेली. मी तिला प्रत्यक्ष तोवर पाहिलं नव्हतं, फोटो पाहिला होता. काकांचंच रुंद कपाळ. जावई कॉम्प्युटर इंजिनिअर, समाजातलाच, चांगल्या घरचा. लग्नानंतर चार महिन्यांत दोघं मेलबर्नला गेली. त्या काळात परदेशी साधा फोन म्हणजे घड्याळाकडे बघत बोलायचं काम. माझ्या क्लाससाठी ब्रॉडबँड आलं आणि इंटरनेटवरून फुकट बोलता येतं हे काकांना कळलं, तेव्हापासून दर रविवारी अकरा वाजता माझा क्लास तासभर बंद राहू लागला. हा करार कागदावर नव्हता. पण अकराला पाच कमी असताना काका दारात येऊन उभे राहायचे आणि माझे विद्यार्थी चपला शोधायला लागायचे. मला मात्र ते थांबवून घ्यायचे. माउस त्यांना कधी वळला नाही.

पहिल्या रविवारी मी त्यांच्या डोक्याला हेडफोन लावला. त्यांनी तो लगेच काढला. कानात बोळे घालून मुलीशी बोलणार नाही म्हणाले. मग स्पीकर लावले, आणि त्यामुळे पुढचं वर्ष-दीड वर्ष बापलेकीचं प्रत्येक बोलणं मला ऐकावं लागलं. बोलणं साधंच असायचं. हवा कशी आहे, ड्यूटी कुठली, जावईबापू कसे आहेत. आणि शेवटी, दर वेळी, काका विचारायचे, "बरी हायस ना?"

मग शांतता पडायची.

काका मान कलती करायचे. दोन सेकंद, तीन सेकंद. मग ते म्हणायचे, "आवाज येतोय का माजा?" आणि लगेच तिकडून उत्तर यायचं, "हो बाबा, येतोय. लाइन खराब आहे वाटतं. मी बरी आहे."

फोन संपला की शिक्षक वर्गातल्या एका ठरलेल्या मुलाकडे बघतात तशा नजरेने काका मोडेमकडे बघायचे. एका बापाला जगात एवढंच जाणून घ्यायचं होतं की आपली पोर बरी आहे की नाही, आणि त्या प्रश्नाचंच उत्तर नेमकं वाटेत अडकत होतं. त्यांना शब्दावर भरवसा नव्हता. बरी आहे असं कुणीही म्हणतं. ते कसं म्हणतंय, किती चटकन म्हणतंय, हे ऐकायचं होतं, आणि त्यासाठी त्यांना स्वच्छ लाइन हवी होती.

तेव्हा सुरू झाला राउटरचा शोध.

कनेक्शनबरोबर आलेला मोडेम त्यांनी पहिल्या महिन्यातच नापास केला. त्याआधी अर्थात त्यांनी खांबापासून घरापर्यंतची वायर नवी टाकली, मधले सगळे जोड काढले, माजघरातला जादा फोन उपटला. मग टाळ्यांची परीक्षा आली. ते इकडे एक टाळी वाजवायचे, ती ऐकली की मुलीने तिकडे एक वाजवायची, आणि मधला वेळ मी माझ्या मोबाइलवरच्या स्टॉपवॉचने मोजायचा. कधी एक सेकंद, कधी दीड, मध्येच पाऊण. बाहेरून जाणाऱ्या माणसाला आत भजन चाललंय की काय असं वाटत असेल.

उशिरापेक्षा त्या कमी-जास्तीचाच त्यांना राग होता. मला समजावताना ते म्हणाले, "कल्यानची एस्टी रोज धा मिन्टं लेट येते, तर ती लेट नाय गो. तोच तिचा टाइम. आज दोन मिन्टं नि उद्या वीस, ती खरी लेट." पुढे मी एका जाड इंग्रजी पुस्तकात हेच तीन पानं खर्चून लिहिलेलं वाचलं.

दुसरा राउटर आणायला ते मला घेऊन कल्याणला गेले. दुकानदाराने समोर तीन शिंगांचा एक खोका ठेवला आणि अंकल, एकदम फुल स्पीड, असं सुरू केलं. काकांनी त्याला विचारलं, यात आवाज आधी सुटतो का? दुकानदाराला प्रश्नच कळला नाही. तो पुन्हा स्पीडवर आला. काकांनी स्टूल ओढलं आणि त्याला पंगतीचा हिशोब सांगितला. पंगतीत शंभर माणसं बसली आहेत, त्यात पैज लावून जेवणारे आहेत, आणि एक आजारी म्हातारा आहे. म्हाताऱ्याला दोन घास लागतात, पण ते वेळेवर लागतात. वाढपी जर रांगेनेच वाढत आला तर म्हातारा उपाशी उठतो. "आवाज थोडा खातो, पन टाइमावर खातो. तुजा वाढपी त्याच्या पानाकडं आदी जातो का, एवढंच सांग." दुकानात आलेली दोन गिऱ्हाइकं आपला विषय सोडून हे ऐकत उभी राहिली. दुकानदार म्हणाला, अंकल, ये वाला बहुत बिकता है. काकांनी घेतला, कारण परत करता येईल असं त्याने कबूल केलं होतं, आणि तीन आठवड्यांनी खरंच परत केला. शिंगं घरभर लहरी सोडत होती, पण आमचे कॉम्प्युटर वायरीनेच जोडलेले होते, त्यामुळे त्या लहरींचा उपयोग शेजारच्या कौलारू घरातल्या मांजरालाच झाला असेल.

तोवर त्यांनी एक गोष्ट मात्र शोधून काढली. आवाज नेमका कधी तुटतो, तर कुणी विद्यार्थी ईमेलला फोटो जोडून पाठवतो तेव्हा. येणारा रस्ता रुंद होता, जाणारा अरुंद. एक फोटो जायला निघाला की काकांचा आवाज त्याच्या मागे अडकायचा. रविवारी क्लास बंद असला तरी एखादा मशीन चालू ठेवून जायचा. मग अकराच्या आधी काका सहाही कॉम्प्युटरच्या मागे वाकून वायरी काढायचे. एकदा एका मुलाचा नोकरीचा अर्ज अर्ध्यावर तुटला. काका त्याच्या घरी जाऊन माफी मागून आले, आणि पुढच्या रविवारी पुन्हा वायरी काढल्या.

आता मला जे सांगायचं आहे ते मी इतका वेळ टाळत होते.

रविवारच्या बोलण्यात शेवटची दोन मिनिटं मावशी यायच्या. हात पुसत यायच्या, स्पीकरच्या अगदी जवळ तोंड नेऊन एकच प्रश्न विचारायच्या, आज काय शिजवलंस? आणि तिकडून त्याच क्षणी उत्तर यायचं. वाल केलेत. मासे मिळाले नाहीत. भाकरी थापली पण तांदळाचं पीठ वेगळं आहे इकडचं. मावशींनी विचारलं आणि तिने सांगितलं, मध्ये जेमतेम एका श्वासाची जागा. तीच तार, तोच मोडेम, तेच अकरा वाजून चाळीस मिनिटं.

पहिल्यांदा मी योगायोग समजले. तिसऱ्या रविवारी मी मनातल्या मनात मोजलं. चौथ्या रविवारी मला कळलं. लाइनमध्ये काही अडकत नव्हतं. ती पोर थांबत होती. आणि काका दर वेळी "आवाज येतोय का" असं विचारून तिला पळून जायला दार उघडून देत होते.

ज्या माणसाने उभा जन्म तारेतली खरखर ओळखली, त्याला हे कळू नये याचं मला आधी नवल वाटलं, मग थोडं हसूही आलं. हसू आलं हे मी लपवत नाही. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टी मला लांबून बघायला आवडायच्या. भाडेकरूने घरमालकाच्या लेकीबाळींबद्दल बोलू नये, असंही मी स्वतःला समजावलं. एकदा मावशींना आडून विचारलं, तुम्ही फक्त जेवणाचंच का विचारता? त्या म्हणाल्या, "जे ऐकवनार नाय ते विचारू कशाला गो?" म्हणजे त्यांनाही कळलं होतं. आम्ही दोघी त्यावर एक शब्द पुढे बोललो नाही. मी रोजची शहापूरची जीप पकडून माझ्या घरी गेले.

तिसरा राउटर काकांनी मुंबईहून मागवला. कुणाकडून, कसा, ते सांगत बसत नाही. त्यासाठी त्यांनी शहापूर, कल्याण आणि दादर इथल्या जुन्या सहकाऱ्यांना दोन महिने छळलं होतं. हा खोका दिसायला गरीब होता, काळा, बिनशिंगांचा. पण त्याच्या पाठीमागे इंटरनेटच्या भोकांशेजारी साध्या टेलिफोनचं एक भोक होतं, आणि पुस्तिकेत लिहिलं होतं की आवाजाला सगळ्यांच्या आधी सोडण्याची सोय आत आहे. काकांनी ती इंग्रजी पुस्तिका माझ्याकडून दोन वेळा मराठीत वाचून घेतली. मग मी सेटिंग केलं, त्यांनी एक्स्चेंजमधून आणलेला आपला जुना करडा फोन जोडला, आणि सहाही कॉम्प्युटरवर मुद्दाम मोठाल्या फाइली चालू ठेवून परीक्षा घेतली. फळ्यावर सलग नऊ दिवस जवळपास एकच आकडा लागला. नवव्या दिवशी त्यांनी आकड्याखाली दोन रेघा मारल्या.

त्या रविवारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. अकराला मुलीला फोन लावला, करडा रिसीव्हर मोठ्या कानाला लावला आणि सवयीने आधी ऐकलं. चेहरा उजळला. मला म्हणाले, एकदम क्लिअर, शेजारच्या खोलीत असल्यासारखी. टाळी वाजवली, रिसीव्हर पुढे धरला. तिकडची टाळी आली. पुन्हा वाजवली, पुन्हा आली, तितक्याच वेळाने. मला त्यांनी कॉम्प्युटरसमोर बसवलं होतं, पिंगचे आकडे हलतात का बघायला. हलत नव्हते.

हवा झाली, ड्यूटी झाली, जावईबापू झाले. ते बाहेर गेलेत म्हणाली. मग काकांनी विचारलं, "बरी हायस ना?"

शांतता पडली.

काकांनी मान कलती केली. तोंड उघडलं. मला माहीत होतं आता कुठलं वाक्य येणार. पण ते आलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि रिसीव्हरवर तळवा ठेवून हळू विचारलं, "किती?"

मी पडद्याकडे बघितलं. नको तितका वेळ बघितलं. खोटा आकडा सांगणं अगदी सोपं होतं. आणखी एक राउटर आला असता, आणखी चार महिने गेले असते.

"तेवढाच आहे, काका," मी म्हणाले. "लाइन चांगली आहे."

त्यांनी तळवा काढला. एवढा वेळ सरळ उभे होते ते माझ्या विद्यार्थ्यांच्या बाकावर बसले. रिसीव्हरमध्ये म्हणाले, "मी हाय हितंच. तुला पायजेल तेवढा टाइम घे."

किती वेळ गेला ते मी मोजलं नाही. मग तिचा आवाज आला. ती पुटपुटली असेल, पण त्या काळ्या खोक्याने आपलं काम इतकं चोख केलं की मी तीन हात लांब बसलेली, तरी अक्षर न् अक्षर मला ऐकू आलं. "बाबा, तो मारतो."

काका रडले नाहीत, रागावलेही नाहीत. ते तिला एकेक गोष्ट विचारू लागले. आता घरात कोण आहे. लागलंय कुठे. पासपोर्ट तुझ्याकडे आहे का त्याच्याकडे. हॉस्पिटलातली मैत्रीण किती लांब राहते, तिचा नंबर सांग. खांबामागून खांब तपासत जावं तसे ते विचारत गेले, आणि आता प्रत्येक प्रश्नाला तिकडून लगेच उत्तर येत होतं. मी उठून बाहेर आले. मावशी दाराशीच उभ्या होत्या. आज काय शिजवलंस हे विचारायला त्या आत गेल्या नाहीत. उंबऱ्यावर बसल्या आणि पदर तोंडाला लावला. त्यांच्या शेजारी बसावं असं मला फार वाटलं, आणि मी बसले नाही. माझ्या अंगातला हा दोष आहे.

मुलगी सहा आठवड्यांनी आली. आधी त्या मैत्रिणीकडे राहिली, मग तिकडच्या लोकांनी कागदपत्रं करून दिली. मुरबाडमध्ये जेवढी कुजबुज व्हायची तेवढी झाली. काका ती ऐकायचे आणि चालायला लागायचे. तिला पुढची खोली लागणार होती, म्हणून मी क्लास बाजारपेठेत हलवला. काकांनी सांगण्याआधीच मी जागा बघितली होती.

कॉम्प्युटर टेम्पोत चढवून झाले. मी फळा पुसायला गेले तर कोपरा आधीच पुसलेला होता. काका आतून आले. त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो काळा राउटर होता. क्लासला लागेल, घेऊन जा म्हणाले. आता कुणाला लांबून बोलायचं नाही. मी घेतला. आतल्या खोलीत मावशी आणि मुलगी काहीतरी बोलत होत्या, भांड्यांचा आवाज येत होता.

काका गेले नाहीत. टेस्टर खिशातून काढला, परत खिशात ठेवला.

"तुला कदी कळलं गो?" त्यांनी विचारलं.

मी त्या दिवशीच, असं म्हणू शकले असते. पण त्या माणसाच्या कानापुढे खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "चौथ्या रविवारी," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मनात ते रविवार मोजत असावेत, कारण बराच वेळ ते खाली बघत राहिले. सत्तरच्या आसपास भरत होते. मी नंतर मोजले.

"मी लाइन बघत ऱ्हायलो," ते म्हणाले. "तू तरी बोलायचं होतंस."

आवाजात राग नव्हता. माझ्याकडे कारणं होती, भाडेकरूची, वयाची, परक्या घराची, सगळी तयार होती. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

"हो, काका," मी म्हणाले. तेवढं म्हणायला मला त्यांच्या मुलीपेक्षा जास्त वेळ लागला.